तरुणांसाठीचे मसुदे आणि आपल्या हरकती-सूचना

महोदय,

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर सध्या भाषणे भरपूर होतात. सरकार कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा जाहीर करून हरकती व सूचना मागवते, तेव्हा लेखी काही पाठवणारे मात्र थोडेच. त्यातलीही बरीचशी पत्रे ‘तरुण पिढी तणावाखाली आहे, शासनाने लक्ष घालावे’ एवढ्यावरच संपतात. खात्यात या सूचना नोंदवणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याने त्याचे करायचे काय? कोणत्या कलमावर कोणती सूचना आली याचा कलमवार तक्ता भरताना कलम क्रमांकच नसलेल्या सूचनेला रकाना कुठून मिळणार! कलम क्रमांक, मूळ वाक्य, त्याजागी हवे असलेले वाक्य आणि दोन ओळींत कारण, एवढे पुरते. खर्च कोणत्या खात्याने करायचा हे लिहिले तर उत्तमच.

सर्वोच्च न्यायालयाचा 25 जुलै 2025 चा निकाल पाहा. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असे त्यात निर्देश आहेत. विद्यार्थी-समुपदेशक प्रमाण योग्य राखावे असेही म्हटले आहे, पण आकडा नाही. तेव्हा 120 मुलांची शाळा आणि 4000 मुलांचे महाविद्यालय, दोघेही एकेक माणूस दाखवून मोकळे होऊ शकतात. यावर पुढे नियमांचा मसुदा येईल तेव्हा दर किती विद्यार्थ्यांमागे एक, आठवड्याचे किमान तास किती, बसायला स्वतंत्र खोली आहे का, हे मागावे. शिवाय मुलाने सांगितलेले मुख्याध्यापकांच्या किंवा पालकांच्या कानावर केव्हा जाईल आणि केव्हा जाणार नाही, हेही नियमातच लिहून घ्यावे. नेमका हाच मुद्दा सूचनांमधून सुटतो, आणि बोभाटा होईल या भीतीने मुले समुपदेशकाकडे फिरकत नाहीत.

एकच मजकूर शेकडो जणांनी पाठवून फारसे साधत नाही. तो एकच मुद्दा म्हणून नोंदला जाण्याची शक्यता अधिक. मुलांचे अनुभव जरूर जोडावेत, पण त्यांच्या संमतीने, आणि नाव, शाळा, उपचारांचे कागद वगळून. एकदा सरकारी फाइलीत गेलेला कागद पुढे कोण वाचेल, यावर आपला ताबा राहत नाही.

वेळेचे काय? अठरा वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांच्या संमतीची तरतूद असलेले केंद्राचे मसुदा नियम 3 जानेवारी 2025 रोजी आले. सूचनांची मुदत आधी 18 फेब्रुवारी, मग 5 मार्चपर्यंत. राज्यात बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली होती. ज्यांच्यासाठी नियम, ती मुले पेपर लिहीत होती! तरुणांशी संबंधित मसुद्यांवरील सूचनांची मुदत फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवू नये आणि राजपत्राबरोबर सोप्या मराठीतला सारांश द्यावा, अशी मागणी राज्याकडे व्हायला हवी.

केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार (म्हणजे कायदा करण्याआधी लोकांचे मत घेण्याच्या धोरणानुसार) मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा असतो. तो दिसला नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागता येतो. अर्जात ‘आमच्या सूचनेचे काय झाले’ असे विचारू नये. ‘प्राप्त सूचनांचा कलमवार तक्ता व त्यावरील टिप्पणीची प्रत’ मागावी. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, तर समितीही निवेदने मागवते. खात्याने न घेतलेली सूचना तिथे पुन्हा मांडता येते.

– युवक धोरणांवर काम करणारे काही वाचक