जुन्या रिळावर नवं भरू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत क्वीन या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर पानभर लेख आला. तो ज्या पाचगणीच्या शाळेत शिकला तिचा उल्लेख त्यात मायेने केला आहे, वाचून बरं वाटलं. पण त्यात एक वाक्य असं आहे : ‘फ्रेडीचा आवाज पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला तो १९७३ साली, क्वीनच्या पहिल्या अल्बमसाठी.’ हे बरोबर नाही. सालाची चूक कुणाचीही होते, तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. पण या एका वाक्यामुळे त्याच्या आधीच्या चार वर्षांच्या टेपा आणि त्या जपून ठेवणारी माणसं दोन्ही पुसली जातात, म्हणून लिहितो आहे.

मी वाईचा. मामांच्या हाताखाली १९७१ साली रेडिओ दुरुस्तीला लागलो आणि पुढे अडतीस वर्षं बाजारपेठेत स्वतःचं दुकान चालवलं. वॉल्व्हचे रेडिओ, स्पूलचे टेपरेकॉर्डर, मग कॅसेट डेक. पाचगणीची गिऱ्हाइकं पसरणीचा घाट उतरून माझ्याकडे यायची. १९८२-८३ च्या सुमाराला तिथल्या एका इराणी हॉटेलवाल्याने डेक दुरुस्तीला टाकला आणि आत अडकलेली क्वीनची कॅसेट तशीच राहू दिली. हेड साफ करून, अ‍ॅलाइनमेंट जुळवून झाल्यावर मी तीच लावून बघितली. खालचा बेस स्वच्छ आणि वर एकावर एक चढवलेले गळे, इतके की एखादा स्क्रू अर्धा आटा जरी चुकला तरी लगेच कळावं. पुढे कितीतरी वर्षं डेक तपासायला मी तीच कॅसेट वापरली. हा गाणारा आपल्या घाटावरच्या शाळेत शिकला हे मला तो गेल्यावर, १९९१ च्या नोव्हेंबरात, कळलं. त्या दिवसापासून त्याच्या सुरुवातीच्या टेपांचा नाद मला लागला तो लागलाच.

आता त्या टेपांविषयी.

१९६९ च्या ९ सप्टेंबरला लिव्हरपूलच्या सिंक क्लबमध्ये आयबेक्स नावाच्या बँडचा कार्यक्रम झाला. गाणारा होता फ्रेडी, तेव्हाचं आडनाव बुलसारा, तेविसावं वर्ष पुरं होऊन चार दिवस झालेले. बँडच्या एका मित्राने टेपरेकॉर्डर चालू ठेवला. त्यात फ्रेडी बीटल्सचं ‘रेन’ गातो. लिव्हरपुलात उभं राहून बीटल्सचं गाणं गायचं म्हणजे छातीच पाहिजे. आवाज अजून तयार नाही, वरच्या सुराला तो घासतो, टेपही गढूळ आहे. पण ओळीचा शेवट उचलून धरायची जी त्याची पुढची लकब, ती तिथे आहे. हे मुद्रण २००० साली त्याच्या एकल गाण्यांच्या संचात अधिकृतपणे बाहेर आलं. त्या रात्री शेवटी, पुढे क्वीनमध्ये त्याचे साथीदार झालेले ब्रायन मे आणि रॉजर टेलरही त्याच्याबरोबर वाजवायला स्टेजवर चढले होते. तिघे पहिल्यांदा एकत्र, आणि तेवढ्यात टेप संपलेली. स्पूलवर काम केलेल्या माणसाला हे वाचून चटका बसतो. बाराशे फुटी रीळ सेकंदाला पावणेचार इंचांच्या गतीने लावलं तर चौसष्ट मिनिटं, साडेसातने लावलं तर त्याच्या निम्मी. रीळ संपलं की टोक फटफट वाजत फिरत राहतं आणि समोर जे चाललंय ते हवेत विरून जातं.

त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत मे, टेलर आणि टिम स्टॅफेल यांच्या स्माइल या बँडने तीन गाणी भरली होती. त्यांतल्या दोन गाण्यांची रेकॉर्ड फक्त अमेरिकेत निघाली आणि कुणी विचारली नाही. यात फ्रेडी नाही, तो तेव्हा त्यांचा मित्र आणि श्रोता. पण तिसरं गाणं, ‘डुइंग ऑल राइट’, पुढे क्वीनच्या पहिल्या अल्बमात फ्रेडीने गायलं. दोन्ही पाठोपाठ लावून ऐकावं. चाल तीच, पण स्टॅफेल सरळ गातो आणि फ्रेडी पहिल्या ओळी जवळजवळ कुजबुजत धरतो.

स्टॅफेल गेला, १९७० मध्ये फ्रेडी आला, क्वीन हे नाव आलं, १९७१ मध्ये जॉन डीकन बेसवर आला आणि चौकडी पुरी झाली. त्या वर्षअखेरीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. डी लेन ली हा स्टुडिओ तेव्हा वेम्बलीत नव्या इमारतीत गेला होता. नवा स्टुडिओ बांधला की तो तपासावा लागतो. एका खोलीतला आवाज भिंतीतून दुसरीत गळतो का, ड्रम जोरात वाजले तर कुठे काय थरथरतं, यंत्रं भार घेतात का. त्याला जोरात वाजवणारं कुणीतरी लागतं आणि तेही न कंटाळता तासन् तास. ते काम या चौघांना मिळालं. पैसे नाहीत, मोबदल्यात स्वतःची गाणी फुकट भरून घ्यायची मुभा. लुई ऑस्टिन या इंजिनियरने त्यांची पाच गाणी भरली : ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’, ‘द नाइट कम्स डाउन’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’. खिशात काही नसलेल्या मुलांना चांगला स्टुडिओ मिळाला आणि डोक्यावर घड्याळ नव्हतं. ते त्या टेपेत ऐकू येतं.

‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ या टेपेत साध्या, बिनविजेच्या गिटारने सुरू होतं. अल्बमात तेच गाणं विजेच्या गिटारने उघडतं आणि तिचा आवाज विमान डोक्यावरून जावं तसा फिरवलेला आहे. अल्बमातलं काम जास्त कसबी, मान्य. पण मला विचाराल तर जीव आधीच्यात आहे, आणि खुद्द ब्रायन मे यांनीही पुढे हेच सांगितलं आहे की पहिल्या टेपेत जे उतरलं ते पुन्हा भरताना हाती लागलं नाही.

नंतर ट्रायडेंटच्या मालकांशी करार झाला. अल्बम तिथे भरला तो उरल्यासुरल्या वेळात. पैसे मोजणारे कलाकार घरी गेले की रात्री या पोरांनी आत शिरायचं. पाचही गाणी नव्याने भरायचं ठरलं होतं. पण ‘द नाइट कम्स डाउन’ काही केल्या मनासारखं जमेना. शेवटी डी लेन लीचं मूळ मुद्रणच अल्बमात घातलं. संपादक महाराज, आपल्या लेखातलं वाक्य इथेच मोडतं. १३ जुलै १९७३ ला निघालेल्या त्या अल्बमातच एक गाणं त्याच्याही आधीच्या टेपेवरचं आहे. शिवाय त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला बीबीसीसाठी त्यांनी चार गाणी भरली होती, तीही अल्बमाच्या पाच महिने आधी. डी लेन लीच्या पाचही गाण्यांचं मुद्रण २०११ मध्ये रीतसर बाहेर आलं आणि पहिल्या अल्बमाच्या २०२४ च्या संचात नव्याने मिश्रण करून पुन्हा आलं. म्हणजे तरुण वाचकांना ते आज मोबाइलवर ऐकता येईल. जरूर ऐकावं.

हे सगळं उरलं कसं? कुणीतरी ठेवलं म्हणून. यापलीकडे त्यात काही जादू नाही. बीटल्सचंच बघा. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिलीवहिली भेट ज्या दिवशी झाली त्या दिवशी, ६ जुलै १९५७ ला, लिव्हरपूलमधल्या वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत एकाने ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर लेननच्या बँडची दोन गाणी भरली. ती टेप १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात ७८,५०० पौंडांना गेली. पुढच्या वर्षी, १९५८ च्या जुलैत, याच पोरांनी लिव्हरपूलच्या एका घरगुती स्टुडिओत साडेसतरा शिलिंग देऊन एक तबकडी कापून घेतली. एकच प्रत. ती प्रत्येकाने आठवडाभर आपल्याकडे ठेवायची असं ठरलं. ती शेवटी पियानो वाजवणाऱ्या मुलाकडे गेली आणि त्याच्याकडे वीस वर्षांहून जास्त पडून राहिली. १९८१ मध्ये मॅकार्टनींनी ती विकत घेतली. त्या वीस वर्षांत त्या घरात एखादी जोराची दिवाळीची साफसफाई झाली असती तर?

आणि १९५८ म्हणजे नेमका तोच काळ, जेव्हा इकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच मुलांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता. फारुख बुलसारा, म्हणजे आपला फ्रेडी, १९५५ साली, आठव्या वर्षी, झांझिबारहून तिथे वसतिगृहात आला होता आणि पियानोच्या परीक्षा देत होता. बँडमध्ये पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच, फारुख पियानोवर. बेस म्हणजे चहाच्या खोक्याला दांडा आणि दोरी. एल्विस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते वाजवत. त्या बँडचा फोटो पुष्कळांनी बघितला असेल. त्या फोटोतला आवाज मला ऐकायचा आहे.

आता जे सांगायचं पन्नास वर्षं राहिलं आहे ते सांगतो.

१९७४ च्या मे महिन्यात पाचगणीहून एक गृहस्थ चार रिळं घेऊन दुकानात आले. मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं आणि सनई भरून हवी होती. कोरं रीळ तेव्हा महाग, मिळायचंही मुश्किलीने. म्हणाले, ही जुनी आहेत, यांच्यावरच भरा. एका डबीवर पेन्सिलीने ‘गॅदरिंग ६६’ लिहिलं होतं. टेप ठीक आहे का बघायला मी सुरुवात लावली. मुलांचा गलका, कुणी मास्तर इंग्रजीत नाव पुकारतो आहे, टाळ्या, मग गिटारची तार लावण्याचा टणटण आवाज आणि एक मुलगा घसा साफ करतो. तिथे मी थांबवलं, मागे गुंडाळलं, आणि लाल बटण व प्लेचं बटण एकदम दाबलं. चारही रिळं. टेपरेकॉर्डरमध्ये भरणाऱ्या हेडच्या आधी एक पुसणारं हेड असतं. टेप आधी त्याच्यासमोरून जाते आणि तिच्यावरचं सगळं सपाट होतं, मग नवं चढतं. कुठलंही यंत्र ते परत आणत नाही. १९६६ मध्ये फ्रेडी लंडनला जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा त्या रिळावर तो नव्हता. पण कुणीतरी होतंच ना. त्या मुलाने काय गायलं हे मी ऐकलंसुद्धा नाही. एकवीस वर्षांचा होतो, आणि मामांनीही कधी हे शिकवलं नव्हतं. तिकडे बीबीसीसारख्यांनीही त्या काळात ढिगांनी टेपा पुसून पुन्हा वापरल्या. तरी हात माझाच होता.

म्हणून पाचगणी, वाई, महाबळेश्वर आणि पुण्या-मुंबईकडे गेलेल्या तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना, बंगल्यांच्या राखणदारांना, शाळांच्या भांडारवाल्यांना, इराणी-पारशी कुटुंबांना माझं आपल्या दैनिकातून सांगणं आहे. माळ्यावर, शिसवी कपाटाच्या तळाशी चपट्या चौकोनी पुठ्ठ्याच्या डब्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. उत्साहाने मिळेल त्या यंत्रावर लावूही नका. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर टेपचा पाया कुजायला लागला आहे असं समजा. रीळ दिव्यासमोर धरून बघा. उजेड आरपार दिसला तर ती जुन्या अ‍ॅसिटेटची आहे, ती ओढली की तुटते. आरपार दिसला नाही तर बहुधा पॉलिस्टरची, ती तुटत नाही पण ताणली जाते, आणि तुटलेली जोडता येते, ताणलेली नाही. आपल्याकडच्या पावसात पांढरी बुरशी धरते. ती फडक्याने घासू नका, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. जलद गुंडाळू नका. कोरड्या जागी उभं ठेवा.

माझ्याकडे एक ग्रुंडिग अजून चालू आहे. पट्टे मी स्वतः बदलले आहेत, टेप दाबून पुढे ओढणारा पिंच रोलर नवा आहे, आणि पुसणाऱ्या हेडची वायर मी बारा वर्षांपूर्वीच कापून टाकली आहे. ज्याला कुणाला रीळ ऐकायचं असेल, संगणकावर उतरवून घ्यायचं असेल, त्याचं काम मी पैसे न घेता करीन, रीळ त्याच दिवशी परत देईन. त्यावर कीर्तन असो, वाढदिवस असो की शाळेतला कुणी पियानो बडवणारा मुलगा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्याला तो द्यावा ही विनंती.

फक्त येताना डबीसकट या. पुष्कळदा नाव आणि साल तिच्यावरच, पेन्सिलीने, पुसट लिहिलेलं असतं.

आपला नम्र,
एक जुना रेडिओ-टेप कारागीर
वाई, जि. सातारा