सोंग्येंच्या मूर्ती

प्रिय अभ्या,

तुझ्या नोकरीचं फोनवरच बोलू, आज भलतंच काहीतरी डोक्यात घोळतंय. रविवारी ब्रसेल्सहून ४४ नंबरची ट्राम पकडून तेर्व्हुरनच्या आफ्रिका म्युझियममध्ये गेलो, तेव्हापासून सोंग्ये लोकांच्या रक्षक मूर्तींबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय.

हे सोंग्ये काँगोच्या आग्नेय भागातले, लोमामी नदीच्या आसपासचे. मूर्तीला ते न्किशी म्हणतात. छोटी असते ती एखाद्या माणसाची नाहीतर घराची, मोठी असते ती अख्ख्या गावाची, मग आजार असो, चेटूक असो, मूल होत नसो, सगळं तिच्याकडेच. चेहरा कसला उग्र रे! चौकोनी हनुवटी पुढे आलेली, गालावर तांब्याच्या पट्ट्या आणि खिळे ठोकलेले, आणि दोन्ही हात फुगलेल्या पोटावर टेकवलेले.

खरी मेख त्या पोटातच आहे. कोरणारा लाकूड कोरून देतो, पण तोपर्यंत ते नुसतं लाकूडच. मग न्गांगा, म्हणजे त्यांचा जाणकार, झाडपाला, प्राण्यांची नखं, केस, माती असं काय काय मिसळून बिशिम्बा तयार करतो आणि पोटात नि डोक्यात भरतो, वर डोक्यात शिंग रोवतो, तेव्हा कुठे तिच्यात ताकद येते. म्हणून कर्ता मानला जायचा तो न्गांगा, कोरणारा नाही. आणि गावाच्या मूर्तीला तर हात लावायचा नाही, एवढी जबरी! हलवायची तर तिच्या काखेत लांब काठ्या बांधून लांबूनच. आपल्यासारखं पालखी खांद्यावर घेऊन उराउरी भेटणं नाही. अमावस्येनंतर नवा चंद्र दिसला की बाहेर काढायची, कोंबडीचं रक्त, पामतेल लावायचं, आणि तिची राखण करणाऱ्याला ती स्वप्नात येऊन सांगायची म्हणे.

आता मला चीड कशाची येते माहितीये? युरोपात आणताना कितीतरी मूर्तींची पिसं, कातडी, गवताचे घागरे काढून टाकले, का तर लाकूड छान दिसावं! काहींची पोटंसुद्धा रिकामी. म्हणजे सोंग्येंच्या लेखी जे मुख्य होतं तेच गेलं आणि आपण उरलेल्या लाकडाला वा वा म्हणतोय. मीही म्हटलंच, दिसतंच तसं भारी, पण आता लेबलवर फक्त 'लाकूड, धातू' लिहिलेलं बघितलं की चिडचिड होते.

तू दिवाळीनंतर येतोयस ना, तिकीट बुक झालं की कळव, एक अख्खा दिवस तिथेच काढू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पक्या