बीपीशेजारी नाडीही लिही

बेळगाव

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार. बीपी वाढलेल्या गरोदर बाईच्या नाडीत एवढं काय बघायचं, असं तू विचारलंस. खूप काही बघायचं असतं. ताई कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंद-कार्डावर, बीपी लिहिलंस की शेजारी नाडीही लिही, वेगळा रकाना नसला तरी.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यात ९०-९५ आली तर घाबरू नकोस. रक्त कमी असेल, ताप असेल तर आणखी वाढते. पण पहिल्या तपासणीचा आकडाच नसेल तर वाढली किती, हे कळणार कसं? जांबोटीकडून टेम्पोतून उतरलेल्या बाईला आधी पाच मिनिटं टेकून बसव. नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नकोस. दंड ३३ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर बीपी यंत्राचा दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) मोठाच लाव, नाहीतर बीपी उगाच जास्त दिसतं.

प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजारात, रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि रक्त वाढायला हवं तेवढं वाढत नाही. अशा बाईची नाडी जलदच असेल असं नाही. बीपी १६०/११० असताना नाडी ७० सुद्धा सापडते. ती शांत नाडी बघून बाईला घरी धाडू नकोस.

औषधांनीही आकडा हलतो. लॅबेटालॉल आणि निफेडिपिन ही दोन्ही बीपी उतरवणारी औषधं. लॅबेटालॉलनं नाडी उतरते. दमा असेल किंवा नाडी ६० च्या खाली असेल तर ते द्यायचं नाही. निफेडिपिननं नाडी वाढते, डोकंही दुखतं. पण डोकेदुखी हे याच आजाराचंही लक्षण आहे, म्हणून गोळी किती वाजता घेतली ते आधी विचार आणि बीपी पुन्हा बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाळंतपणानंतरचं. समज, कळांच्या वेळी बीपी १५०/१००, नाडी ८४. बाळंत झाल्यावर तासाभरानं बीपी ११८/७६, नाडी ११६. बीपी उतरलं म्हणून सगळे खूश. पण नाडीला वरच्या बीपीनं भाग: आधी ०.५६, आता ०.९८. हाच शॉक इंडेक्स, आणि बाळंतिणीत ०.९ ही धोक्याची रेषा. बाईला रक्तस्राव होतोय. मुळात रक्त कमी वाढलेलं, त्यामुळे थोडा स्रावही तिला झेपत नाही. लगेच पोटावरून गर्भाशय चोळ, पॅड बघ, १०८ ला फोन कर. गर्भाशय आवळून स्राव थांबवणाऱ्या औषधांपैकी मेथर्जिन मात्र अजिबात नको, त्यानं बीपी भडकतं, ऑक्सिटोसिन चालतं. उलट बाजूही लक्षात ठेव. वरचं बीपी १४० लाच राहिलं आणि नाडी १२० झाली तर भागाकार ०.८६ येतो, रेषेच्या आतच. म्हणून आकड्याइतकंच तो चढतोय का, ते बघ. लॅबेटालॉल चालू असेल तर नाडी दबलेली राहते, तेव्हा आणखी सावध राहा. आपल्या गोकाकमध्ये २०१६-१७ साली तपासलेलं बीपी-नाडी मोजणारं क्रेडल यंत्र बीपी आणि हाच हिशोब बघून हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवतं.

नाडी १२० आणि दम लागतोय, उताणं झोपवत नाही, असं असेल तर सलाईनची धार वाढवू नकोस. फुप्फुसात पाणी भरलेलं असू शकतं, हृदयही थकलेलं असू शकतं. उशाला उंच देऊन बसव, ऑक्सिजन लाव, मोठ्या दवाखान्यात पाठव.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, आणि नेमकी तेव्हाच बाई घरी गेलेली असते. माहेर महाराष्ट्रात चंदगडला असेल तर तिथल्या सिस्टरला कार्डावरचं कन्नड वाचता येईलच असं नाही. म्हणून शेवटचं बीपी, नाडी, गोळीचं नाव आणि वेळ वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत लिहून तिच्या आईच्या हातात दे.

तुझीच,
शुभा