शाहबानो भोपाळच्या नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला राष्ट्रीय अस्मितेवरचा पानभर लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की मीच चुकीचा चष्मा लावून बसले आहे. ज्यांच्या पोटगीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला त्या शाहबानोंना लेखक महाशयांनी सरळ भोपाळला नेऊन बसवलं आहे. साहेब, ती बाई इंदूरची. नवरा इंदूरचा वकील आणि तिचा अर्जही इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांपुढे, एप्रिल १९७८ मध्ये. मध्य प्रदेश म्हणजे भोपाळ असा पुण्या-मुंबईकडे समज दिसतो. ३१ मे आली, अहिल्याबाईंची जयंती जवळ आली, की मात्र तुम्हाला इंदूर नकाशावर अचूक सापडतं.

गावाची चूक एक वेळ सोडून देते. (सोडलेली नाही, पण पुढे जाते.) लेखात मुख्य प्रवाह आहे, लांगूलचालन आहे, अयोध्येचं कुलूप आहे, घटनेचं ४४ वं, समान नागरी कायद्याचं, कलम तर आहेच. नाही ती फक्त पोटगीची रक्कम. सांगते.

बाईंचं वय तेव्हा ६२. लग्न १९३२ चं, मुलं पाच. १९७५ मध्ये घराबाहेर काढलं. त्यांनी मागितले होते महिना ५०० रुपये, कारण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली त्या काळी त्याहून जास्त मिळतच नव्हते. नवऱ्याची मिळकत वर्षाला ६०,००० आहे असं त्यांचं म्हणणं. अर्ज चालू असतानाच नोव्हेंबरात वकीलसाहेबांनी तलाक दिला, मेहेरचे, म्हणजे लग्नात बायकोला देऊ केलेले, ३,००० रुपये कोर्टात भरले आणि सांगितलं, आता माझा संबंध संपला. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पोटगी बांधून दिली महिना २५ रुपये. पंचवीस! जुलै १९८० मध्ये हायकोर्टानं ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेसाठी हा वकील सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायमूर्तींनी त्याचं अपील फेटाळलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. ज्या खटल्यामुळे देशाची अस्मिता ढवळून निघाली असं तुम्ही छापता, तो एका म्हातारीच्या महिन्याच्या किराण्याचा खटला होता.

आणि ती पहिलीही नव्हती. मुंबईच्या बाई ताहिरा यांना सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच याच कलमाखाली पोटगी दिली होती. तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही आणि कोणाचं राष्ट्रही नाही.

हे कलम एका धर्माचं नाही, हे लेखकानं एका ओळीत उरकलं आहे. मला मात्र त्या ओळीपाशी थांबावंसं वाटतं, कारण त्याच कलमाखाली माझी आत्या इंदूरच्या जिल्हा कोर्टात उभी होती. आम्ही रामबागेतले, देशस्थ. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, गिरणीच्या हापिसात कारकून. त्यांनी उज्जैनला दुसरा संसार थाटला आणि आत्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. मी तेव्हा कॉलेजात होते. माझे वडील आणि चुलते, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, पेशीला (कोर्टाच्या तारखेला) तिच्याबरोबर जायला तयार नव्हते. बाईमाणसानं कोर्टाची पायरी चढणं आपल्या घराण्यात नाही म्हणे! नवऱ्यानं दुसरी बाई ठेवणं घराण्यात बसत होतं बहुधा. तेव्हा तिच्याबरोबर जाणं माझ्याकडे आलं.

त्या व्हरांड्यात बुरखेवाल्या होत्या, नऊवारीतल्या होत्या, लुगडं-घाघऱ्यातल्या खेड्यापाड्यातल्या होत्या. पेशी पुढे गेली की सगळ्यांचं तोंड सारखंच उतरायचं. आत्याच्या नवऱ्यानं पगाराची चिठ्ठी दाखवली. त्यात फंड कापलेला, सोसायटीचं कर्ज कापलेलं, आणखी कसलंसं कापलेलं. हातात काय येतं ते बघा साहेब, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. महिना साठ रुपये बांधून मिळाले. दोन महिने आले, मग बंद.

इथे एक गोष्ट तुमच्या लेखकाला विचारायची आहे, कारण त्यांनी कायद्यावर लिहिलंय. थकलेली पोटगी वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे त्यांना माहीत आहे का? आत्याला माहीत नव्हतं. दीर घरी येऊन सांगून गेला, वहिनी, वॉरंट काढू नका, त्याची नोकरी जाईल, मी देववतो. वडिलांनीही मान डोलावली. ती थांबली. वर्ष उलटलं आणि मागचे महिने बुडाले. मग मात्र तिनं वॉरंट काढायला लावलं. आत टाकतील म्हटल्यावर काकांची मनीऑर्डर आली, आणि कुपनावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं : 'दान'. ते कुपन तिनं फाडलं नाही. पुढच्या पेशीला वकिलाकडून कोर्टात दाखल करायला लावलं.

आता मला सांगा, त्या वेळी कोणत्या वर्तमानपत्रानं अग्रलेख लिहिला की हिंदू नवरे मुख्य प्रवाहात कधी येणार? आमच्या घरी 'आपल्यात असं करत नाहीत' म्हणत होते आणि शाहबानोंच्या घराबाहेर 'मजहब खतरे में' म्हणत होते. मला दोन्हीकडे एकच सूर ऐकू येतो. फरक एवढाच की आत्याला भावांनी गप्प करायचा प्रयत्न केला, आणि शाहबानोंवर अख्ख्या जमातीनं दडपण आणलं. इतकं, की निकालानंतर काही महिन्यांतच त्या बाईनं जाहीर पत्र काढून मला हा निकाल नको म्हटलं. मग घटस्फोटित मुसलमान बायकांना या १२५ व्या कलमातून बाहेर काढण्यासाठी १९८६ चा कायदा झाला. तो वाईट हेतूनं झाला असं मीही म्हणते, त्याबद्दल लेखकाशी माझं भांडण नाही. पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच कायद्याचा अर्थ लावला की इद्दतीच्या (तलाकनंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या) मुदतीतच नवऱ्यानं बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची आहे. तो खटला दाखल केला होता दानियल लतीफी यांनी, शाहबानोंच्याच वकिलांनी. आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की घटस्फोटित मुसलमान बाईला १२५ वं कलमही खुलं आहे. तुमच्या लेखात गोष्ट १९८६ ला संपते. त्यानंतरचं लिहिलं असतं तर मथळ्यात 'विश्वासघात' छापता आलं नसतं.

आणि मराठी दैनिकानं या विषयावर पान भरावं आणि मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव एकदाही येऊ नये? १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान बायका घेऊन ते मुंबईत विधिमंडळावर गेले होते. शाहबानोंच्या निकालाला तेव्हा एकोणीस वर्षं अवकाश होता. सात बायकांना मोर्चा म्हणायचं का, असं हसून विचारणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या आत्याबरोबर तर मी एकटीच होते.

एक वाक्य मात्र फार झोंबलं. 'अल्पसंख्याकांनी वेगळेपणाचा हट्ट सोडावा.' लेखकांनी घटनेचं ३० वं कलम उघडून पाहावं. तिथे धर्माच्या शेजारी भाषाही लिहिलेली आहे. अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरतं, हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सांगून झालंय. म्हणजे इंदुरात राहणारे आम्ही मराठी लोक त्याच कलमाखालचे अल्पसंख्य. आम्ही गणपती बसवतो, मराठी शाळा चालाव्यात म्हणून धडपडतो, नातवंडांना पाढे मराठीत म्हणायला लावतो. हा हट्ट सोडायचा का? इथली मराठी शाळा बंद पडते तेव्हा तुम्हीच 'बृहन्महाराष्ट्रात मराठीची गळचेपी' असं छापता. तेव्हा आमचा वेगळेपणा तुम्हाला गोड लागतो.

आत्याची पोटगी काका वारले त्या दिवशी थांबली. तोवर ती वाढून दोनशेवर गेली होती आणि तिनं त्यातून एक शिलाई मशीन घेतलं होतं. ५०० ची मर्यादा कायद्यातून निघाली २००१ मध्ये. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही. आता फौजदारी कायदेच बदललेत, नव्या संहितेत १२५ चं १४४ वं कलम झालंय. लेखात अजून १२५ चीच वर्तमानकाळात चर्चा आहे, तेवढंही दुरुस्त करावं.

ताजा कलम : दोन महिन्यांपूर्वी माझं एक पत्र आपण छापलंत, त्याबद्दल आभार. पण त्यातला मधला परिच्छेद गाळल्यामुळे मी जे खोडून काढत होते तेच माझं मत आहे असं दिसलं, आणि राजेंद्र नगरच्या भिशीत मला त्याचा खुलासा करत बसावं लागलं. हे पत्र कापायचं असेल तर लतीफी आणि दलवाई ठेवून माझे टोमणे कापा. 'भोपाळ'ची दुरुस्ती मात्र पहिल्या पानावर यावी, आतल्या पानावर निविदांच्या खाली नको.

आपली,
एक जुनी वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर

(नाव छापू नये. काकांकडची मंडळी अजून लग्नकार्यात भेटतात.)