‘जाड कागद’ म्हणजे नेमका किती जाड?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरच्या घरी आकाशकंदील कसा करायचा ते छापलं होतं. फोटो मस्त, कृती सोपी, पण साहित्यात काय तर ‘जाड कार्डपेपर, ४ शीट’. बास. किती जाड, कुठला, काही नाही. मी घरी पत्रिका आणि भेटकार्डं करते म्हणून कागदाचं काही अडलं की आमची अख्खी सोसायटी माझ्याच दारात असते, तशी पाच पोरं तेच कात्रण घेऊन आली आणि पाच जणांकडे पाच तऱ्हेचा कागद! एकाचा चार्ट पेपर, कंदील उभा केला की मान टाकायचा. एकीने गुळगुळीत आर्ट कार्ड आणलेलं, लालभडक छापलेलं, ३५० जीएसएमचं (हे माप काय ते खाली सांगते), ते घडीवर तडकलं आणि मधून पांढरी रेघ दिसायला लागली. एका पठ्ठ्याने तर डुप्लेक्स आणला, म्हणजे मिठाईच्या खोक्याचा असतो ना, आतून करडा, तोच. कंदील झाला दणकट पण दिवा लावून उपयोग शून्य.

पोरांची चूक नाही हो. ‘जाड’ हे काही माप नाही. कागदाचं माप जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तुमचा पेपर ज्यावर छापता तो न्यूजप्रिंट ४५ च्या आसपास, झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, आणि साधारण २०० च्या पुढे आपण त्याला कार्ड म्हणायला लागतो, व्हिजिटिंग कार्ड ३०० ते ३५०. आणि हे वजन आहे, जाडी नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ३०० चं आर्ट कार्ड दाबून लेप दिलेलं असतं म्हणून बोटांना बारीक लागतं, त्याच वजनाचा हातकागद घ्या, चांगला फुगीर लागेल. म्हणून दुकानात नुसतं चिमटीत धरून ‘हा जाड आहे’ म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं, मीही आधी तेच करायचे.

आता खरी तक्रार. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका दुकानातून मी ‘तीनशेचं’ आयव्हरी कार्ड घेतलं, ए फोर, सुटी १० शीट. पाकिटावर छापलेलं नाही कारण पाकीटच नाही. घरी आल्यावर शंका आली म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. हिशोब सोपा आहे, ए फोरच्या १६ शीट म्हणजे एक चौरस मीटर, तेव्हा एका शीटच्या वजनाला १६ ने गुणलं की जीएसएम. तीनशेचं असतं तर दहांचे १८७ ग्रॅम भरायला हवे होते, भरले १३८. म्हणजे २२० चं कार्ड! परत गेले तर काका म्हणतात, मॅडम, हवा कोरडी आहे, कागद सुकतो. कागद हवेतलं पाणी धरतो-सोडतो हे खरंय, पण त्याने शेकडा चार-पाचचा फरक पडेल, तीनशेचे दोनशेवीस नाही होत. पैसे परत दिले नाहीत, वर ‘एवढं वजन कोण करतं’ हे ऐकून घेतलं.

बरं धंद्यातली भाषाही एक नाही. प्रेसवाले मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा, लेप नसलेला कागद, मागताना ‘२३×३६, १८.६ किलो’ म्हणतात, २३×३६ हा इंचातला साइज आणि किलो, ते ५०० शीटच्या रीमचं वजन, म्हणजे आपला ७० जीएसएम. बायंडिंगवाल्याचा पुठ्ठा तर अजून औंसात. आणि पोरं व्हिडिओ बघतात अमेरिकेतले, तिथे पाउंड! त्यात पण गंमत अशी की पाउंड मोजतात ५०० न कापलेल्या शीटचे आणि प्रत्येक जातीच्या (कव्हर, टेक्स्ट, इंडेक्स वगैरे) शीटचा साइज वेगळा, त्यामुळे ८० पाउंड कव्हर म्हणजे २१६ जीएसएम, ८० पाउंड टेक्स्ट म्हणजे फक्त ११८, आणि ११० पाउंड इंडेक्स १९९, म्हणजे ११० वालं इंडेक्स ८० वाल्या कव्हरपेक्षा हलकं. माझ्या भाचीने ११० पाउंड ऐकून इथे ‘एकशे दहाचा’, म्हणजे ११० जीएसएमचा, कागद आणला आणि बॉक्स करत बसली, तो कसला उभा राहतोय.

पत्रिकांचं दुखणं वेगळंच. पोस्टात साध्या पत्राच्या तिकिटाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ७×१० इंचाचं ३०० चं कार्ड एकटंच साडेतेरा ग्रॅम, त्यावर जाड पाकीट, त्यात अक्षतांची पुडी, झालं, जास्तीचं तिकीट. हे मी आता ऑर्डर घेतानाच सांगते आणि बहुतेक जण २५० वर येतात.

घडीचंही दोन ओळीत छापा. कार्डाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेला पडलेले असतात. एकदा उभं, एकदा आडवं हलकं वाकवून बघायचं, जिकडे सहज वाकतं त्या दिशेने घडी घातली तर तडकत नाही. आणि आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेघ दाबून घ्यायची.

दुकानदारांनी फळीवर जीएसएमची चिठ्ठी लावावी ही विनंती आहे, ऐकतील असं वाटत नाही. तुम्ही मात्र पुढच्या वेळी ‘जाड कार्डपेपर’च्या जागी ‘सांगाड्याला कार्डशीट, २१० ते २५० जीएसएम, आर्ट कार्ड नको, खिडक्यांना पतंगी कागद’ एवढं छापा, जागा काही फार जात नाही.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे