भैरोबाला डोहात सोडू नका

बेप्पू, जपान
२३ नोव्हेंबर

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. भैरोबाचा हात निखळला आणि आता मूर्ती डोहात सोडून जयपूरहून संगमरवरी आणायचं पंचांनी ठरवलंय, हे वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय. काल उसुकीला जाऊन आलो, म्हणून आज लिहायला बसलो.

बेप्पूहून ओइताला जाणारा दहा नंबरचा महामार्ग तू बघायलाच हवास. डावीकडे आखात अगदी रस्त्याला खेटून, उजवीकडे माकडांसाठी प्रसिद्ध असलेला ताकासाकी डोंगर. मागे वळलं की बेप्पूच्या गरम झऱ्यांची वाफ घराघरांमधून वर चढताना दिसते. काशीदच्या वळणावर समुद्र दिसला आणि आपण दोघंही बोलायचे थांबलो होतो, आठवतं? तसंच झालं.

उसुकी त्याच्याही पुढे. तिथल्या कड्यांमध्ये आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोरलेल्या साठेक बुद्धमूर्ती आहेत. एका धनिकाने गेलेल्या लेकीसाठी त्या करवून घेतल्या, अशी दंतकथा सांगतात. दगड आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. आसो ज्वालामुखीची तापलेली राख दबून घट्ट झाली, तो हा दगड. छिन्नीला मऊ, म्हणून चेहरे इतके नाजूक उतरले. आणि मऊ म्हणूनच झिजला. कड्यातून पाणी झिरपतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, की पापुद्रे सुटतात. पाणी सुकलं की क्षार वर येतात आणि दगडाचा भुगा होतो. कित्येक मूर्तींच्या मांड्या अशाच गेल्यात.

मधल्या दाइनिचीचं, म्हणजे आपल्या वैरोचन बुद्धाचं, मस्तकच खाली पडलं होतं. कितीतरी वर्षं ते धडासमोर चौथऱ्यावर ठेवलेलं होतं. दिनू, मस्तक तुटलेली मूर्ती, पण कुणी टाकली नाही! १९८० पासून चौदा वर्षं काम चाललं: मुरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त, वर छप्पर, आणि १९९३ मध्ये मस्तक पुन्हा धडावर. त्यावरून गावात वाद झाला. खालचं मस्तक बघतच मोठे झालेले लोक, त्यांना तेच आपलं वाटायचं. त्यांचं दुःख मला कळतं, तरी मी 'बसवा'च म्हटलं असतं. १९९५ मध्ये या मूर्ती राष्ट्रीय ठेवा ठरल्या. नोकरी जाण्याला जपानीत 'मान उडणं' म्हणतात, आणि इथे तर तुटलेली मान पुन्हा जुळली, म्हणून नोकरी टिकावी यासाठीही लोक इथे हात जोडतात.

मी त्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभा होतो. डोळे अर्धे मिटलेले, भुवयांवर अजून रंगाचा अंश. गळ्याखाली मात्र दगड कुणी चघळल्यासारखा.

खंडित मूर्ती पुजत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पूजेला नवी बसवा. पण जुन्या भैरोबाला डोहात सोडू नका, सभामंडपात कोपऱ्यात जागा द्या. निखळलेला हात सुती कापडात गुंडाळून तुझ्या घरी ठेव. त्यावर सिमेंट किंवा वज्रलेप कुणाला लावू देऊ नकोस. आधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाला दाखव. आणि गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते ना, ती कुठून येते ते बघ.

पंचांची बैठक कधी आहे? त्याआधी मला फोन कर, मी दादांशी स्वतः बोलतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
वसंत