पशुगृहातल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

तुम्ही निवृत्त होऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरी गेलात आणि नीट आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

हृदयाची अरुंद झालेली धमनी स्कॅनवर खरी किती अरुंद दिसते, हे तपासायला डुक्करच लागतं. कुत्र्याच्या हृदयात जोडवाहिन्या भरपूर, एक वाट बंद झाली तरी रक्त दुसरीकडून पोचतं. डुकराचं तसं नाही. म्हणून त्याच्या डाव्या सर्कम्फ्लेक्स धमनीभोवती (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपैकी एक) ती मुद्दाम अरुंद करायला अॅमेरॉइडचं कडं बसवतात. बाहेरून स्टील, आत केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन. केसीन ओलावा शोषून आतल्या बाजूला फुगतं आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत धमनी आवळली जाते. माप चुकून कडं घट्ट बसलं, तर धमनी एकदम बंद होऊन जनावर दगावतं. शिवाय एमआरआय करायचं तर त्या स्टीलमुळे नेमका हवा तोच भाग काळा पडतो.

यातलं काहीच तुमच्याकडे नव्हतं. तुमच्याकडे खाणं-पाणी, झाडलोट आणि भुलीआधीचं इंजेक्शन. ते देताना तुम्ही कप्प्यात खाली बसायचात, पाठ खाजवत राहायचात. 19 गेजची बटरफ्लाय सुई कानामागे मानेत, पुढे मीटरभर नळी, आणि औषध लांबून, हळूहळू. मोठ्या डुकराला सुई आखूड पडली की औषध चरबीत अडकतं, झोप लागत नाही. ते तुम्ही आधीच बघून ठेवायचात. डुक्कर आपणहून आडवं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा तुमचा दंडक.

त्या पाच-दहा मिनिटांवर आमचे आकडे उभे आहेत. लान्स गूल्ड यांनी 1974 साली कुत्र्यांवर दाखवलं, की धमनीचा व्यास 85 टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत विश्रांतीतला रक्तप्रवाह कमीच होत नाही. औषधाने पूर्ण वाढवलेला प्रवाह मात्र निम्मी अरुंदी व्हायच्या आधीच उतरू लागतो. म्हणून प्रवाह दोनदा मोजायचा: विश्रांतीत, आणि किलोमागे मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम अॅडिनोसीन, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध, चालू असताना. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. पळवून धरलेल्या डुकराचे ठोके भुलीतही लवकर उतरत नाहीत. विश्रांतीचाच आकडा फुगतो, भागाकार घटतो आणि चांगली धमनीसुद्धा रोगट ठरते. वर डुकराचं हृदय फिब्रिलेशनमध्ये जायला, म्हणजे ठोके सोडून नुसतं थरथरायला, निमित्तच शोधत असतं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे हे काम होतं, ते स्कॅनच्या आदल्या दिवशी, भर मे महिन्यात, बंद टेंपोतून डुकरं आणून सोडायचे आणि फास घेऊन मागे धावायचे. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, अंग तापून निघायचं. बोललं की उत्तर ठरलेलं, ‘जनावरच ना?’ मंजुरीच्या कागदावर आठवडाभर रुळू द्यावं असं स्पष्ट होतं. सह्या करणाऱ्या मोठ्या मंडळींपैकी एकानेही खाली येऊन बघितलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

ज्या जनावराचा जीव शेवटी जाणारच आहे, त्याला निदान भिववू नये, एवढं तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. अशी सरळ माणसं गोव्यात गावोगाव आहेत; त्यांची नावं शोधनिबंधात येत नाहीत, ही आमच्या क्षेत्राची लाज आहे. पुढच्या निबंधाच्या आभारात तुमचं नाव असेल.

नळीची पद्धत कामाच्या वहीत लिहून ठेवली आहे, नवीन मुलं तशीच शिकतात. चवथीला घरी येतो, काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
स्कॅन विभागातली सगळी मंडळी